गॅस पास झाला, पण जोड टिकला का?

मामाचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा इंदूरच्या एका हॉस्पिटलात मी सहा दिवस बाकड्यावर काढले. लोकमान्य नगरहून भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, गॅस पास झाला का? झाला म्हटलं की सगळे खुश, लगेच पोहे-जलेबीच्या गोष्टी. अहो, गॅस पास होणं म्हणजे आतडं परत हलायला लागलं, बस. आतला जोड शाबूत आहे की नाही ते त्याच्यावरून नाही कळत.

खराब भाग कापून दोन टोकं टाक्यांनी नाहीतर स्टेपलरने जोडतात. हा जोड उसवला की आतलं सगळं पोटात झिरपतं, आणि वैताग असा की ते लक्षात येईतो बरेचदा पाच-सात दिवस उलटतात. रक्तात सीआरपी बघतात, म्हणजे शरीरात सूज आली की वाढणारं एक प्रोटीन, तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात, पण ते लिव्हरमध्ये बनतं आणि नुसत्या ऑपरेशननेही वाढतंच, म्हणजे कमी आलं तर दिलासा, जास्त आलं तर नुसता संशय.

म्हणून ड्रेनच्या, म्हणजे पोटात साचलेलं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळीतून येणारं पाणीच छोट्या सेन्सरने तपासायचं, असे प्रयत्न चाललेत. आणि इथे मला खरी मजा वाटते. जोडाला रक्त कमी पडलं की तो उसवायची भीती, कारण तिथल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, मग त्या ग्लुकोज अर्धवटच वापरून लॅक्टेट बनवतात, जोरात पळल्यावर पायात बनतं तेच. सेन्सरच्या टोकाला लॅक्टेट ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवलेलं असतं, ते लॅक्टेट पकडून त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, आणि प्लॅटिनमवर साधारण ०.६ व्होल्ट दिले की पेरॉक्साइडचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो. एक मायक्रोअँपिअर करंट म्हणजे सेकंदाला सुमारे ६ लाख कोटी इलेक्ट्रॉन, म्हणजे लॅक्टेटचे ३ लाख कोटी रेणू! एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र बांधायची ही युक्ती लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये ग्लुकोजसाठी मांडली, आपल्या घरातलं शुगरचं मशीन तिचाच वंशज.

गोची अशी की तेवढ्या व्होल्टला पॅरासिटामॉलही इलेक्ट्रॉन सोडतं, आणि ऑपरेशननंतर ते तर रोजचंच. त्यावर उपाय म्हणजे प्रशियन ब्लू, हो, चित्रकारांचा निळा रंग, त्याचा थर दिला की पेरॉक्साइड शून्याच्या आसपासच्या व्होल्टला उलट इलेक्ट्रॉन घेतो आणि पॅरासिटामॉल गप्प बसतं.

आमच्या आत्याने मात्र ड्रेनच्या पिशवीला मंतरलेला काळा दोरा बांधला होता, सिस्टरने ड्रेसिंगच्या वेळी मुकाट्याने सोडवला. आणि घड्याळ घाला, पोटातलं सगळं कळेल, असे जे मेसेज फिरतात ते मला त्या दोऱ्याच्याच जातीचे वाटतात. मनगटाला जोडाजवळचं लॅक्टेट कसं दिसणार? नळीतल्या सेन्सरचंही सोपं नाही म्हणा, पोटातल्या पाण्यातली प्रोटीन्स इलेक्ट्रोडवर चिकटली की आकडा सरकायला लागतो, आणि आजकाल बरेच सर्जन ड्रेन ठेवतच नाहीत, मग तो बसवायचा कुठे?