शिंगातला हुंदका

‘यरीहोचा तट ध्वनिलहरींनी पाडला, विज्ञानानेही मान्य केले!’ अशा मथळ्याचा व्हिडिओ गेल्या आठवड्यात मला तिघांनी पाठवला. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात ही कथा येते. एडक्याच्या शिंगांचे कर्णे घेतलेले सात याजक लोकांसह सहा दिवस रोज एकदा आणि सातव्या दिवशी सात वेळा नगराला फेरी घालतात, शेवटी सगळे मिळून गर्जना करतात आणि तट कोसळतो. श्रद्धेने ही कथा वाचणाऱ्याशी माझा वाद नाही. पण विज्ञानाची साक्ष काढलीच आहे, तर हिशेब करून पाहू.

एका शिंगाचा आवाज भिंतीपाशी ११० डेसिबल आहे असे धरू. हे धरणे उदारपणाचेच आहे. सात शिंगे मिळून त्यात साधारण साडेआठ डेसिबलची भर पडेल आणि भिंतीवर सुमारे १७ पास्कल दाब येईल. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आदळला तर ७० पास्कलच्या वर दाब देतो! मग ‘अनुनाद’ हा शब्द पुढे केला जातो, म्हणजे नेमक्या तालात धक्के मिळत राहिले की कंपन वाढत जाते ते. काचेच्या पेल्याला टिचकी मारली की तो ‘टण्ण’ वाजून घुमत राहतो, म्हणून त्यात कंपने साठू शकतात. मातीच्या विटांची भिंत ठोकली तर ‘धप्प’ होते आणि संपते. जिथे कंपन टिकतच नाही, तिथे साठणार काय? यरीहो मृत समुद्राजवळच्या मोठ्या भूभ्रंशावर, म्हणजे जमिनीच्या सरकणाऱ्या भेगेवर, वसले आहे. ११ जुलै १९२७ रोजीच्या भूकंपाने त्या परिसरात मोठे नुकसान झाले होते. तिथल्या भिंती पाडायला जमीन समर्थ आहे.

या असल्या दाव्यांत खरे नवल झाकले जाते. ते त्या शिंगात आहे.

मराठी बायबलात ‘कर्णा’ हा शब्द वाचला की डोळ्यांपुढे पितळी तुतारी येते. बायबलात धातूचे कर्णेही आहेत. गणनेच्या पुस्तकात मोशेला चांदीचे दोन कर्णे घडवायला सांगितले आहे. पण सीनाय पर्वतावर घुमतो तो शोफार, म्हणजे शिंग. यरीहोपुढेही शिंगच आणि पन्नासाव्या वर्षी गुलामांच्या सुटकेची द्वाही फिरते तीही शिंगानेच. ठाण्यातल्या एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मित्राच्या घरी मी ते पहिल्यांदा हातात घेतले. त्यांच्या ‘नव्याच्या सणाला’, म्हणजे रोश हशाना या ज्यू नववर्षाला, ते वाजते. नखासारखा गुळगुळीत स्पर्श होता, आणि ते बरोबरच आहे, कारण नख आणि शिंगाचे आवरण दोन्ही केराटिन या प्रथिनाचे. आतला हाडाचा गाभा काढला की पोकळी उरते. हरणाच्या शाखाशिंगाचा शोफार होत नाही. ते सगळे भरीव हाडच असते.

शिंगाचे टोक मात्र भरीव असते, ते भोक पाडून पोकळ करावे लागते. म्हणून आतली नळी सुरुवातीला अरुंद, जवळपास सरळ, आणि पुढे प्राण्याने वाढवली तशी रुंद होत जाणारी. वादक आवळलेल्या ओठांतून फुंकतो. तोंडातला दाब वाढला की ओठ उघडतात, हवेचा एक झोत आत सुटतो, ओठ पुन्हा मिटतात. झोताची दाबलहर शिंगाच्या रुंद तोंडापर्यंत जाते आणि तिथे तिचा काही भाग उलट फिरतो. परत आलेली लहर नेमक्या वेळी ओठांना ढकलते, तेव्हाच सूर धरतो. म्हणजे सूर ओठांचा एकट्याचा नाही, शिंगाचाही नाही; दोघांची ती तडजोड आहे. एका टोकाला बंद अशा सरळ नळीत कंपनांचे प्रमाण १:३:५ असते, शंकूच्या आकाराच्या नळीत १:२:३. शोफार या दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी असतो, त्यामुळे प्रत्येक एडक्याचे स्वर वेगळे. बहुधा दोन स्वर सहज निघतात, पुष्कळदा षड्ज-पंचमाच्या जवळपासचे. ट्रम्पेटला असतो तसा घडीव मुखभाग नसल्याने ओठांना पक्की बैठक नसते आणि सूर थरथरतो, घसरतो.

आणखी एक गोष्ट. लांब लहरींना शिंगाचे तोंड फारच लहान पडते, म्हणून त्या बऱ्याचशा आत परततात. आखूड लहरी, म्हणजे वरचे उपस्वर, सहज बाहेर निसटतात. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या टापूत सर्वांत तल्लख असतो. शोफार आपल्याला टोचतो तो त्यामुळे.

या टोचऱ्या, अस्थिर आवाजाला ज्यू परंपरेने रडण्याची जागा दिली. तकीआ हा एक सलग स्वर, शवारीम म्हणजे तीन तुकडे, तरुआ म्हणजे नऊ किंवा अधिक झटपट तुकडे. इसवी सन २००च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात एक नियम आहे: विहिरीत किंवा हौदात शिंग फुंकले, तर शोफारचाच आवाज ऐकणाऱ्याचे सणाला शोफार ऐकण्याचे कर्तव्य पूर्ण झाले, केवळ प्रतिध्वनी ऐकणाऱ्याचे झाले नाही. ध्वनिशास्त्राच्या नजरेने मला हा नियम विलक्षण वाटतो. हौदाच्या भिंतींवरून परतणारा आवाज तुकड्यांमधल्या फटी भरून काढतो, आणि तरुआचे तुटलेपण बुजून जाते.

तरुआ नेमका कसा, सुस्काऱ्यासारखा की हुंदक्यासारखा, हा प्रश्न तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, चर्चेला आला. निर्णय होईना म्हणून दोन्ही वाजवायची पद्धत पडली: सुस्कारा तो शवारीम, हुंदका तो तरुआ. अर्थ लावताना आधार घेतला तो बायबलमधल्या शास्ते या पुस्तकातल्या एका आईच्या रडण्याचा: खिडकीतून वाट पाहणारी, मुलाच्या रथाला उशीर का झाला म्हणून आक्रंदणारी. ती सीसराची आई. सीसरा इस्रायलींशी लढायला आलेल्या शत्रूसैन्याचा सेनापती होता.