'क्लच गेला' म्हणण्याआधी

आमच्या गॅरेजमध्ये रोज वाजणाऱ्या फोनांपैकी एक तरी असा असतोच: "क्लच गेलाय, प्लेट बदलायची आहे. गाडी कधी मिळेल?" आम्ही म्हणतो, गाडी आणा, चालवून बघतो, मग सांगतो. यावर काही जण नाराज होतात. साधं विचारलं तर सरळ उत्तर द्यायला काय जातं, असं त्यांना वाटतं. सरळ उत्तर का देत नाही, हे प्रत्येकाला फोनवर समजावून सांगणं आता होत नाही, म्हणून हा कागद छापला.

क्लचला कामं दोनच. पेडल सोडलेलं असताना इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट धरून ठेवायचे आणि पेडल दाबलं की सोडून द्यायचे. धरतो तो प्लेटच्या जोरावर: ही घर्षणाची चकती, इंजिनला जोडलेल्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, प्रेशर प्लेट दाबून धरते. बिघडतोही तो दोनच तऱ्हांनी. एक तर धरत नाही, नाही तर सोडत नाही. बोलताना दोन्हींना आपण 'क्लच गेला' म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. धरत नसेल तर बहुतेक वेळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सोडत नसेल तर बऱ्याचदा गिअरबॉक्सला हातही न लावता काम होतं. 'प्लेट बदला' असं ठरवूनच तुम्ही गाडी टाकून गेलात आणि आम्ही ते ऐकलं, तर तुमचा दिवस जातो, पैसे जातात आणि नव्या प्लेटवरही गिअर तसाच अडकतो.

आमच्याकडे एक गाडी आली होती. गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो. दुसऱ्या ठिकाणी प्लेट संपल्याचं सांगून झालं होतं आणि गाडीमालकांनी मनाची तयारीही केली होती. आमचा मुलगा गाडी आत घ्यायला बसला, पेडल दाबलं आणि तसाच खाली उतरला. नव्या, जाड, दोन पदरी मॅटची कड पेडलखाली दुमडून बसली होती. पेडल तळापर्यंत जातच नव्हतं, मग क्लच पूर्ण सुटणार कसा? मॅट मागे ओढली, गिअर लोण्यासारखे पडले. त्या दिवशी बिल केलं नाही. ते गृहस्थ आता सर्व्हिसिंगलाही इथेच येतात. सांगायचा मुद्दा, फोनवर ऐकून ती मॅट आम्हाला दिसली नसती.

क्लच धरत नाही, म्हणजे स्लिप होतो

याची पहिली खूण वरच्या गिअरमध्ये दिसते. चढावर किंवा ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर दाबता, इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा टुणकन वर जातो आणि वेगाचा काटा मात्र रेंगाळत राहतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नेहमीसारखी निघते, म्हणून 'पिकअप कमी झालाय, डिझेल खराब असेल' असं म्हणत महिना निघून जातो. वरच्या गिअरमध्ये गाडी ओढायला जड जाते आणि इंजिनचा सगळा जोर प्लेटवर येतो, म्हणून कमजोर प्लेट आधी तिथे घसरते.

खात्री करायची असेल तर मोकळा, सपाट रस्ता बघा. मागे कुणी नसताना चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटे दोन्ही बरोबर चढले तर ठीक. आरपीएम एकटाच पळाला तर स्लिप आहे. हे एकदाच करायचं.

हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही परीक्षा बऱ्याच जणांना माहीत असते. परीक्षा खोटी नाही. पण क्लच खरंच स्लिप होत असेल तर इंजिन बंद पडत नाही, प्लेट जागच्या जागी घासत राहते आणि काही सेकंदांत भट्टीसारखी तापते. आधी स्वतः, मग मित्राला दाखवायला, मग मित्राच्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवायला, असं करत धूर काढत आलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. ही परीक्षा आमच्यावर सोडा.

जळका वास एकदाच आला, तोही लांब चढावर गर्दीत अडकल्यावर, तर लगेच घाबरू नका. गाडी बाजूला घ्या, थंड होऊ द्या. साध्या रस्त्यावरही वास येऊ लागला तर मात्र दाखवा.

आता केबलबद्दल, कारण इथे हौशी हात फार चालतात. केबलच्या क्लचमध्ये (पेडल तारेने क्लच ओढतं तो) प्लेट झिजत जाते तसा पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे क्लच हलण्याआधी पेडल जितकं मोकळं दबतं ते अंतर, कमी होत जातो आणि गाडी पेडल अगदी वर आल्यावर पकडायला लागते. क्लच 'वर घेतोय' म्हणतात तो हाच. काही जण यावर उपाय म्हणून केबल आणखी ताणतात. नेमकं उलट होतं. खेळ संपला की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्लेटची पकड सोडवणारं) कायम दाबलेलं राहतं, प्लेटवरची पकड सैल पडते आणि चांगली प्लेटही स्लिप होऊ लागते. म्हणून स्लिपची तक्रार आली की आम्ही आधी खेळ तपासतो. कधी कधी केबल थोडी सैल केल्यावर स्लिप थांबते. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या, क्लचमध्ये हा फरक बहुधा आपोआप भरून निघतो, त्यामुळे 'माझा क्लच अजून खालीच घेतो, म्हणजे प्लेट चांगली आहे' या हिशोबावर तिथे विसंबू नका.

स्लिप नक्की झाली की मग चालढकल करू नका. प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत उतरलं की रिव्हेटची डोकी फ्लायव्हीलवर चरे पाडतात आणि तोवर नुसतं क्लचचं असलेलं काम फ्लायव्हीलपर्यंत जातं.

क्लच सोडत नाही

सिग्नलला पहिला गिअर टाकून पेडल पूर्ण दाबून उभे आहात आणि गाडी तरी पुढे सरकू बघते. रिव्हर्स ओरडतो. गिअर हाताने ढकलावा लागतो. अशा वेळी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच सुटत नाही. बंद असतानाही अडकत असतील तर दोष गिअरच्या लिंकेजकडे (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीकडे) किंवा गिअरबॉक्सकडे असण्याची शक्यता जास्त. बिचाऱ्या क्लचला दोष देऊ नका.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडत असेल तर ऑइलमध्ये हवा शिरली आहे किंवा सिलेंडर गळतोय. पेडलच्या वरच्या बाजूने ओल येऊन मॅट भिजली असेल तर बहुतेक मास्टर सिलेंडर (पेडलला जोडलेला, ऑइलवर दाब देणारा). अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच डबीतून जातं, त्यामुळे पातळी उतरली असेल तर तो विषय ब्रेकचाही आहे, उद्यावर टाकू नका. आणि हात जोडून विनंती: त्या डबीत इंजिन ऑइल टाकू नका. झाकणावर लिहिलेलंच ऑइल टाका. चुकीच्या ऑइलने आतली रबरं फुगतात आणि मग ब्रेकसकट सगळं उघडावं लागतं.

आवाजाचं थोडक्यात. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना येते आणि दाबल्यावर थांबते, तर बहुधा गिअरबॉक्समधलं बेअरिंग. गाडी निघताना थरथरत असेल तर प्लेटवर ऑइल आलंय का ते बघावं लागतं. आलं असेल तर ते कुठल्या सीलमधून आलं हे शोधल्याशिवाय नवी प्लेट टाकण्यात अर्थ नाही, तीही भिजणार.

"फक्त प्लेट टाका ना"

हे आम्ही सहसा ऐकत नाही आणि यात नफा बघतो असं वाटणं साहजिक आहे. पण खर्चाचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा असतो. नव्या प्लेटला जुनी, दमलेली प्रेशर प्लेट आणि वाजायच्या बेतात आलेलं बेअरिंग लावून दिलं, तर तीच मजुरी तुम्ही पुन्हा देणार आणि पुन्हा देताना आम्हालाच बोलणार. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हा सेट एकत्रच. ज्या गाड्यांत स्लेव्ह सिलेंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या आत बसतो, तिथे तोही बदलून घ्या असं आम्ही सांगतो.

फ्लायव्हीलचं मात्र आधी सांगता येत नाही. त्यावर निळे डाग, तडे, चरे आहेत का हे गिअरबॉक्स खाली आल्यावरच दिसतं. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असेल तर त्याचा खेळही तेव्हाच तपासता येतो. आम्ही थांबतो, तुम्हाला फोन करतो, दाखवतो, मग पुढे जातो. जुने भाग पुसून तुमच्या डिकीत ठेवले जातात. नको असतील तर तसं सांगा.

"किती किलोमीटरला बदलायचा?" याला आकडा नाही. एकाच मॉडेलची एक गाडी ४०,००० ला येते, दुसरी लाखाच्या पुढे निघून जाते. फरक पायाचा. चढावर हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारा आणि चालवताना डावा पाय पेडलवर विसावणारा, हे आमचे नियमित ग्राहक. नुसते किलोमीटर झाले म्हणून चांगला क्लच आम्ही उतरवणार नाही.

गाडी आणाल तेव्हा काय बदलायचं ते सांगू नका, काय होतंय ते सांगा. कुठल्या गिअरमध्ये, थंड असताना की तापल्यावर, पेडल दाबल्यावर की सोडल्यावर, एवढं पुरतं. चालवून बघताना शक्य असेल तर शेजारी बसा.

नवा सेट बसवल्यावर पहिले ५०० किलोमीटर दमानं चालवा, भरधाव निघणं आणि जड ओढकाम टाळा. त्यानंतर एकदा दाखवून जा, पेडल तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही. पेडल आता हलकं लागेल आणि गाडी खालीच पकडेल. जुन्या सवयीने पाय वरपर्यंत येईल आणि पहिल्या दिवशी सिग्नलला एक-दोनदा इंजिन बंद पडेल. त्यासाठी गाडी परत आणायची गरज नाही.