एक्सएमएल आलं कुठून आणि अजून टिकलंय कसं : थोडी पार्श्वभूमी

रिटर्नच्या सिझनला जळगाव-धुळ्याकडे कुठल्याही टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात डोकावा, "भाऊ, एक्सएमएल काढून मेल कर ना" हे वाक्य हमखास कानावर पडणार. समोरचा काढतो, हा टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरात, इंपोर्ट मारतो, काम झालं. पण ती फाईल असते काय, आली कुठून, आणि जीएसटी पोर्टल जेसन मागतं तर आधार-यूपीआयवाले अजून एक्सएमएलच का धरून बसलेत, हे सांगायला कोणाकडे टाईम नसतो. थोडक्यात, एक्सएमएल म्हणजे माहितीच्या दोन्ही बाजूंना तिच्या नावाचा टॅग, म्हणजे खूण, लावून लिहिलेला साधा मजकूर, आणि जेसन म्हणजे तेच काम करणारा त्याचा नंतरचा प्रतिस्पर्धी. माझं मत आधीच टाकून ठेवतो : एक्सएमएल जन्मलं कागदपत्रांसाठी, हिशोबाच्या कामाला त्याला नंतर जुंपलं, आणि त्याचे सगळे फायदे न सगळी कटकट तिथूनच निघते.

मूळ प्रॉब्लेम जुनाच आहे. एका कंपनीचं कॉम्प्युटर दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरला माहिती देणार कशी? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, मध्ये स्वल्पविराम टाकून, जिला आपण सीएसव्ही म्हणतो. आता त्यात एका शेतकऱ्याचा पत्ता टाका, "मु. पो. सावदा, ता. रावेर, जि. जळगाव". झाला घोळ. पत्त्यातल्या दोन स्वल्पविरामांनी एका रकान्याचे तीन केले, मोबाईल नंबर गेला रकमेच्या जागी, रक्कम गेली तारखेच्या जागी. अवतरणचिन्हात टाकून यावर मार्ग निघतो, पण ते समोरच्या प्रोग्रामलाही कळायला पाहिजे, आणि तिसरा रकाना रक्कम आहे का वजन हे फाईल स्वतः कधीच सांगत नाही, ते फोनवरच विचारावं लागतं.

मोठ्या कंपन्यांनी यावर ईडीआय काढलं होतं, म्हणजे कॉम्प्युटरने कॉम्प्युटरला थेट धंद्याची कागदपत्रं पाठवायची पद्धत. अमेरिकेत १९७९ पासून एक्स-ट्वेल्व्ह नावाच्या स्टँडर्डचं काम सुरू झालं, मग युनो कडून एडिफॅक्ट आलं, १९८७ साली. ऑर्डर, बिल, डिलिव्हरी सगळं ठरलेल्या क्रमात, ठरलेल्या कोडमध्ये. चालायचं एकदम भारी, पण स्वतंत्र नेटवर्कचा खर्च, जाणकार माणसं, प्रत्येक पार्टीबरोबर वेगळं सेटिंग, त्यामुळे छोट्या व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरच.

दुसरीकडे, एकदम वेगळ्या गल्लीत, कागदपत्रांवाले आपलं काम करत होते. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी जीएमएल बनवलं. त्यांना कायद्याची कागदपत्रं कॉम्प्युटरवर ठेवायची होती, शोधायची होती, छापायची होती. आयडिया अशी की हे अक्षर ठळक छापा असं मजकुरात लिहायचं नाही, तर हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे एवढंच सांगायचं, छापायचं कसं ते छापणारा बघेल. तीच गोष्ट वाढत वाढत १९८६ ला एसजीएमएल नावाने आयएसओ स्टँडर्ड झाली. लष्कर, विमान कंपन्या, मोठे प्रकाशक यांची हजारो पानांची मॅन्युअल त्यात असायची. ताकदवान होतं पण इतकं किचकट की त्याचा पूर्ण प्रोग्राम लिहिणं म्हणजे भल्याभल्यांना घाम.

त्याच एसजीएमएलच्या धर्तीवर टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत एचटीएमएल, म्हणजे वेबची पानं लिहायची भाषा, काढली आणि वेब सुरू झालं. पण एचटीएमएलमध्ये टॅग ठरलेले, तुम्हाला स्वतःचा टॅग बनवता येत नव्हता, आणि ब्राउझर इतके सांभाळून घेणारे की कसंही चुकीचं लिहा, ते काहीतरी दाखवतातच. वाचायला ते ठीक आहे हो, पण त्यातून भाव न वजन उचलून दुसऱ्या सिस्टीमला द्यायचं म्हटलं की बोंब.

म्हणून १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्सचे जॉन बोसाक यांनी डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेत एक गट जमवला, एसजीएमएलला वेबसाठी हलकं करायचं म्हणून. टिम ब्रे, जाँ पाओली आणि मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन हे संपादक. १० फेब्रुवारी १९९८ ला एक्सएमएल १.० अधिकृत झालं. त्यांनी सुरुवातीलाच दहा उद्दिष्टं लिहून ठेवली होती, त्यातलं एक म्हणजे माणसाला वाचता यावं, आणि शेवटचं म्हणजे लिखाण आटोपशीर असण्याला फारसं महत्त्व नाही. म्हणजे आज लोक एक्सएमएल किती लांबलचक म्हणून बोटं मोडतात ना, ते नजरचुकीने झालेलं नाहीये, ठरवून केलंय.

आणि एक गोष्ट जी आपल्या लोकांना अजूनही माहीत नसते, टॅगची नावं देवनागरीत ठेवता येतात, पहिल्या दिवसापासून. हे एकदम कायदेशीर एक्सएमएल आहे :

<पावती>
<गाव>सावदा</गाव>
<तालुका>रावेर</तालुका>
<माल>केळी</माल>
<वजन एकक="क्विंटल">४२</वजन>
<भाव>१२५०</भाव>
</पावती>

१९९८ साली आपल्याकडे मराठी टायपिंग म्हणजे प्रत्येकाचा वेगळा फॉन्ट, फाईल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की नुसता कचरा दिसायचा, त्या काळात हे लोक युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकच सामायिक नंबर द्यायची पद्धत, धरून चालले होते. प्रत्येक एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रामला यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या युनिकोड साठवायच्या दोन्ही पद्धती समजल्याच पाहिजेत असा नियम. मराठीतला डेटा इकडून तिकडे सुखरूप जायला लागला त्यात या एका नियमाचा वाटा मोठा आहे, आणि त्याचं श्रेय कोणी देत नाही.

दुसरा नियम मात्र कडक. टॅग उघडला तर बंद करायचाच, आणि कुठेही एक चूक सापडली तर वाचणाऱ्याने तिथेच थांबायचं, अंदाज बांधून पुढे जायचं नाही. एचटीएमएलचा पसारा बघून मुद्दाम ठेवलेला हा नियम. याचा झटका व्यापाऱ्यांना कुठे बसतो? फर्मच्या नावात. "पाटील & सन्स" असं खातं असलं की ते मधलं & एक्सएमएलमध्ये राखीव चिन्ह आहे, त्याच्या जागी पाच अक्षरांचा कोड लिहावा लागतो. कोणी घाईघाईत प्रोग्राम लिहून तसंच & टाकलं की पूर्ण फाईल नापास, मग त्यात चारशे बिलं बरोबर असली तरी. लोक वैतागतात, पण मला विचाराल तर पैशाच्या फाईलला हेच पाहिजे. अर्धवट इंपोर्ट झालेल्या फाईलमधलं राहिलेलं शोधत बसण्यापेक्षा अजिबात इंपोर्ट न झालेली बरी.

मग आले वेब सर्व्हिसवाले. १९९८ मध्येच डेव्ह वायनर यांनी मायक्रोसॉफ्टच्या लोकांबरोबर एक्सएमएल-आरपीसी काढलं, म्हणजे एचटीटीपीवरून, वेबची पानं येतात त्याच वाटेने, एक्सएमएल पाठवायचं न समोरच्या मशीनवरचं फंक्शन चालवायचं, दुपारभरात समजेल इतकं सोपं. त्यातूनच सोप नावाचं स्टँडर्ड वाढलं, २००० साली त्याचं १.१ व्हर्जन डब्ल्यूथ्रीसीकडे गेलं, त्यात आयबीएमही होती. मग सर्व्हिसची माहिती द्यायला डब्ल्यूएसडीएल, मग सर्व्हिस शोधायला यूडीडीआय नावाची जगभराची डिरेक्टरी, मग सिक्युरिटीचं वेगळं, ट्रान्झॅक्शनचं वेगळं, कागदावर कागद. त्या डिरेक्टरीत कंपन्या एकमेकांना शोधून आपोआप धंदा करतील असं स्वप्न होतं, पण अनोळखी पार्टीशी असा धंदा कोण करतंय, जळगावच्या सराफ बाजारात पण नाही करत आणि न्यूयॉर्कमध्ये पण नाही. २००६ च्या सुरुवातीला आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपीने त्यांच्या पब्लिक डिरेक्टऱ्या बंद केल्या. बाकी बँका, विमा, टेलिकॉमच्या आतल्या सिस्टीम जोडायला सोप भरपूर चाललं आणि भारतीय आयटी कंपन्यांना अशी जोडाजोडीची कामं खूप मिळाली, त्यात आपल्या अमळनेरात १९४५ ला वनस्पती तेलापासून सुरू झालेली विप्रोही आलीच.

ब्राउझरमध्ये गंमत वेगळीच झाली. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकच्या वेब व्हर्जनवाल्या टीमला पान परत लोड न करता मेल आणायचे होते, त्यासाठी केलेला एक तुकडा १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर बाहेर आला, नाव एक्सएमएलएचटीटीपी, कारण तो त्यांच्या एक्सएमएलच्या लायब्ररीतून आला. बाकीच्या ब्राउझरनी नक्कल केली, जीमेल आलं, गुगल मॅप्स आले, फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स म्हटलं आणि त्यातला एक्स एक्सएमएलचाच. पण तोपर्यंत डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन पुढे आणलं होतं. जावास्क्रिप्टला जेसन म्हणजे घरचाच मामला, यादी आणि नाव-किंमत अशा जोड्या, बास. एक्सएमएलमध्ये तेच गाव टॅग म्हणून लिहायचं का वजनाच्या एककासारखं टॅगच्या पोटात घालायचं यावरच दोन प्रोग्रामर भांडतात, कारण ही सोय मुळात पुस्तकांसाठी होती. तसंच पुस्तकात वारंवार येणारा मजकूर एकदाच लिहून नावाने बोलवायची सोयही एसजीएमएलकडून आली, आणि तिचा गैरवापर करून एक केबीपेक्षा लहान फाईल उघडताना सुमारे तीन जीबी मेमरी खाईल असे हल्ले झाले. वेबवाल्यांनी जेसन धरलं, २०१३ ला ट्विटरने तर आपल्या जुन्या एपीआयबरोबर, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दाराबरोबर, एक्सएमएल काढूनच टाकलं.

आपल्याकडे पण तेच वळण दिसतं. इन्कम टॅक्स रिटर्न वर्षानुवर्षं युटिलिटीतून एक्सएमएल बनवून अपलोड व्हायचं, असेसमेंट वर्ष २०२१-२२ पासून जेसन. जीएसटी २०१७ ला आलं तेव्हापासूनच ऑफलाईन टूल जेसन बनवतं, ई-वे बिलाचंही तसंच. टॅली मात्र ९००० नंबरच्या पोर्टवर बाहेरच्या सॉफ्टवेअरकडून एक्सएमएल घेत आलंय, आणि नवीन पोरांना तिथे पहिला धक्का बसतो तो नावेच्या (डेबिट) रकमेला लागणाऱ्या मायनसचा.

मग आधार आणि यूपीआय का नाही हलले? पहिलं आधार आपल्याच खानदेशात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१०. नंतर आधारची पडताळणी सुरू झाली ती एक्सएमएलवर. आज शहाद्याकडच्या रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की तो एन्क्रिप्ट होऊन एक्सएमएलमध्ये बसून जातो, त्या मेसेजवर डिजिटल सही असते, आणि परत येणाऱ्या एक्सएमएलमध्ये उत्तर एका अक्षराचं, वाय किंवा एन, एन असेल तर सोबत कारणाचा कोड, ३०० म्हणजे बायोमेट्रिक जुळलं नाही. शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घासलेल्या अंगठ्याला हा ३०० किती वेळा बघावा लागतो ते दुकानदाराला विचारा.

यात सही हा शब्द महत्त्वाचा. एक्सएमएलवर सही करायचं स्टँडर्ड २००२ पासून पक्कं होतं. टॅगच्या कंसातली मोकळी जागा किंवा तिथल्या जोड्यांचा क्रम बदलला तरी मजकूर एकच धरायचा कसा, त्याचेही नियम ठरलेले. जेसनसाठी सहीचं स्टँडर्ड आलं २०१५ ला. आधारचा आराखडा त्याच्या खूप आधीचा, म्हणून मला वाटतं तेव्हा दुसरा पर्याय फारसा नव्हताच. एप्रिल २०१६ मध्ये एनपीसीआय या देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेने आणलेलं यूपीआय पण त्याच वाटेने गेलं. भुसावळ स्टेशनबाहेर तुम्ही चहाचे पंधरा रुपये स्कॅन करता तेव्हा ॲप आणि बँकेमध्ये काय चालतं ते त्यांचं त्यांना माहीत, पण बँक आणि एनपीसीआयमध्ये सही केलेले एक्सएमएल मेसेज धावतात, आधी नुसती पोच, मग खरं उत्तर वेगळ्या मेसेजने. ते दुसरं उत्तर अडकलं की स्क्रीनवर पेंडिंग. मोठ्या रकमांची आरटीजीएस तर ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ वर आहे, ते पण एक्सएमएलच, आणि जगभरच्या बँका अलीकडे जुने आखूड मेसेज सोडून त्याच स्टँडर्डवर आल्या, म्हणजे वेबवाले एक्सएमएल सोडत होते तेव्हा बँकवाले ते नव्याने घेत होते.