सोलापूरचे हौशी आवाज : स्वरचाचणी ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

सोलापुरात आवाजाची हौस असलेली मंडळी आता व्हॉट्सअ‍ॅप नाहीतर टेलिग्रामच्या ग्रुपवर जमतात. कुणी संहिता टाकतं, भूमिका वाटल्या जातात, जो तो आपल्या घरी वाक्यं रेकॉर्ड करून पाठवतो आणि कुणी एक जण रात्र जागून ती जुळवतो. या उद्योगाचं मूळ आकाशवाणीच्या श्रुतिकेत, म्हणजे रेडिओवरच्या नाटकात आहे.

चेहरा न दाखवता माणूस उभा करण्याची कला मराठी कानांना रेडिओनेच शिकवली. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमामुळे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी हे आवाज घरोघरी ओळखीचे झाले. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. सोलापूरला स्वतःचं केंद्र मिळायला पुढे बराच काळ गेला. शिवाय रेडिओवर नाटकात बोलायचं तर स्वरचाचणी आली, आणि तिथे आवाजाच्या पोताइतकेच उच्चार तपासले जात. सोलापूरकराचं घोडं इथेच पेंड खायचं. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कन्नड, शेजारी दखनी आणि शाळेत मराठी. अशा गावात वाढलेल्या जिभेला हेल असणारच. ‘काय बे’ म्हणणारा आवाज फार तर विनोदी पात्रापुरता चालायचा. (हा न्याय मला कधीच पटला नाही.) डबिंगचं काम तर मुंबईत, चारशे किलोमीटरवर. मग हौस भागायची ती राज्य नाट्य स्पर्धेत आणि गणेशोत्सवाच्या मंडपात.

परदेशात २००० साली ऑडेसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळू लागलं. जपानी अ‍ॅनिमेशनचे चाहते स्वतःच डबिंग करून पाहू लागले; कधीही न भेटलेली माणसं इंटरनेटवर भूमिका वाटून घेऊ लागली. ऑगस्ट २००५ मध्ये ह्यू मॅकग्वायर यांनी लिब्रिवॉक्स हे बोलत्या पुस्तकांचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे हक्कमुक्त पुस्तकं स्वयंसेवक वाचतात आणि निवडचाचणी नसतेच. ही चैन आपल्याकडे परवडू लागली ती सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. २०२० च्या टाळेबंदीत नाट्यगृहांना कुलूप लागलं आणि नाटकवालेही फोनवरच्या अभिवाचनाकडे वळले.

स्टुडिओ कुठून आणणार? पूर्व भागात यंत्रमागांची खडखड, म्हणून ते थांबतील तेव्हा रेकॉर्डिंग. भिंतींवर सोलापुरी चादरी टांगल्या की खोलीतला घुमारा उतरतो. मागाचा खालच्या पट्टीतला दणका मात्र चादरीला जुमानत नाही. फाइल व्हॉइस मेसेजने नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, हे नव्या माणसाला आधी बजावलं जातं. नाहीतर आवाज दबतो.

संहितेचं त्रांगडं अजून आहेच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनाचे हक्क (कॉपीराइट) टिकतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. पु. ल. गेले २००० साली, म्हणजे २०६० सरेपर्यंत परवानगी हवी. आणि वाचायचे असतात सगळ्यांना पु. ल.च!

आता या आवाजांना नवंच गिऱ्हाईक आलं आहे. भारतीय भाषा यंत्राला शिकवणाऱ्या, केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पाचं उद्घाटन जुलै २०२२ मध्ये झालं. त्यातल्या भाषादान उपक्रमात कुणालाही वाक्यं वाचून आवाज देता येतो. यंत्राला माणसांचं बोलणं कळायचं तर तऱ्हेतऱ्हेच्या हेलांचे नमुने लागतात, त्यामुळे सोलापुरी हेलाचीही तिथे गरज आहे. फक्त त्याला दान म्हणायचं, की आवाजाचे पैसे मागायचे, यावर हौशी मंडळींचं एकमत होणं अवघड आहे.