टोटल लॉस झालेली कॅम्पर: क्लेम, कर्ज आणि आरसी

आपल्याकडे कॅम्पर म्हणजे बोलेरो कॅम्पर. पुढे दोन रांगा सीट, मागे हौदा, आणि बहुतेकदा आरसीवर फायनान्सचा बोजा. अशी गाडी घाटात उलटली की मालकाच्या वाट्याला तीन दारं येतात: विमा कंपनी, फायनान्स आणि आरटीओ. प्रत्येक दारात आधी दुसऱ्या दाराचा कागद मागतात.

आधी टोटल लॉस कशाला म्हणतात ते पाहू. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर. शोरूमच्या किमतीच्या नव्हे, पॉलिसीवर छापलेल्या आयडीव्हीच्या. खर्चही गॅरेजच्या कोटेशनवरचा नाही, नुकसान तपासायला नेमलेल्या सर्व्हेअरने मान्य केलेला धरतात. आयडीव्ही ६ लाख असेल तर रेघ साडेचार लाखांवर. दोन वर्षं उलटलेल्या गाडीची आयडीव्ही ३० टक्के घट धरून काढतात, म्हणून आकडा पाहून धक्का बसतो.

क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी, लायसन्स, एफआयआर किंवा पंचनामा हे सगळे जमवतात. राहतं ते फिटनेस. कॅम्पर मालवाहू म्हणून नोंदलेली असते. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं. ते संपल्याचं अपघातानंतरच कळलेले मालक मी इतके पाहिलेत की आता कोणी भेटलं की पहिला प्रश्न तोच विचारतो. दुसरी अडचण हौद्यात बसवलेल्या मजुरांची. पंचनाम्यात ते आलं की कंपनी अटींचा भंग दाखवते. तरी ‘क्लेम नामंजूर’ एवढं वाचून घरी बसू नका. अटीचा भंग झाला तरी सरसकट शून्य न देता ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात म्हटलं आहे.

आता खरी गाठ. विमा कंपनी म्हणते, फायनान्सची एनओसी आणा, मग पैसे. फायनान्स म्हणते, पैसे भरा, मग एनओसी. दोघांच्या मधे माणूस दोन-दोन महिने फिरतो, आणि काउंटरवरच्या कोणालाच त्याचं काही वाटत नाही. यातून वाट अशी: फायनान्सकडून एनओसी नव्हे, फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज पूर्ण मिटवायला किती भरायचे त्याचा हिशोब) मागा आणि ‘रक्कम थेट आमच्या कर्जखात्यात जमा करावी, बाकी मिटल्यावर एनओसी व फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा) देऊ’ असं पत्र लेटरहेडवर घ्या. फोरक्लोजरच्या आकड्याला मुदत असते. ती उलटली की नवं पत्र, नवा फेरा.

आयडीव्ही ६ लाख आणि कर्जाची बाकी ६ लाख ४० हजार असेल, तर वरचे ४० हजार तुमच्या खिशातून. शिवाय पॉलिसीतली सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधून कंपनी कापते ती रक्कम. आणि क्लेम चालू आहे म्हणून हप्ते थांबत नाहीत. गाडी भंगारात आणि सिबिलही भंगारात, अशी वेळ येऊ देऊ नका.

मुदतींचा गोंधळ वेगळाच. सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय, हे बंधन कंपनीवर आहे. तुमच्यावरचं बंधन मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ चं: गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत ‘किंवा शक्य तितक्या लवकर’ आरटीओला कळवून आरसी जमा करायची. लोक एकतर हे चेक मिळाल्यापासून मोजतात, नाहीतर घाबरून सर्व्हेअगोदरच आरसी रद्द करायला धावतात. कळवण्याचा अर्ज वेळेत द्या, पोच घ्या. बोजा आहे तोवर रद्दीकरण तसंही अडतं.

आरसी रद्द करून पूर्ण रक्कम देण्याऐवजी कंपनी दुसरा पर्यायही पुढे करते: भंगाराला आलेली सर्वात मोठी बोली वजा करून उरलेली रक्कम ती देणार, आणि बोलीचे पैसे भंगारवाला देणार. आकड्यांत फरक नाही, पण या वाटेने आरसी रद्द न होता तुमच्याच नावावर राहू शकते. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ शिक्का बसतो. आपल्या आरसीवर तसं काही उमटत नाही. म्हणूनच चुराड्यापेक्षा त्याच्या आरसीला आणि चेसिस नंबरला गिऱ्हाईक जास्त: चोरीची गाडी त्या कागदांवर फिरवता येते. भंगारवाला गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या मागेल. ‘सगळे असंच करतात’ असंही म्हणेल. देऊ नका. नोंदीत नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. रद्दीकरणाची पोच हातात येईपर्यंत चुराडा हलू देऊ नका. हलवायचाच असेल तर खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरलेल्या फॉर्मची प्रत आणि त्याच्या आधारची झेरॉक्स आधी घ्या.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभर उत्तर नाही, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जायचं. तो नकार मात्र लेखी हवा. फोनवरचं ‘साहेब, होणार नाही’ तिथे चालत नाही.