नॅनोतंतूंद्वारे जलप्रदूषकांचे अधिशोषण

इलेक्ट्रोस्पिनिंगने काढलेल्या अतिसूक्ष्म तंतूंच्या पृष्ठभागावर जड धातूंचे आयन, रंगद्रव्ये, औषधांचे अवशेष अशी प्रदूषके धरून ठेवून पाणी शुद्ध करण्याची पद्धत. साध्या गाळणीत कण अडतो तो छिद्राच्या आकारामुळे. पाण्यात विरघळलेले शिसे किंवा क्रोमियम अशा छिद्रांतून सहज निघून जाते. ते पकडायचे तर त्याला चिकटायला जागा लागते, आणि तंतूंच्या पृष्ठभागावरचे रासायनिक गट ती जागा पुरवतात.

इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये तंतू काढण्यासाठी बहुवारिकाचे (पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचे) दाट द्रावण पिचकारीत भरून धातूच्या बोथट सुईतून अगदी सावकाश सोडतात. सुईला साधारण १० ते ३० किलोव्होल्ट दाब दिलेला असतो आणि समोर १०–२० सेंटिमीटरवर भूसंपर्कित पत्रा किंवा फिरता दंडगोल असतो. सुईच्या टोकाशी लोंबणारा थेंब विद्युतभारामुळे ताणला जाऊन शंकूसारखा होतो. या आकाराचे गणित १९६४ मध्ये जेफ्री टेलर यांनी मांडले, म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात. शंकूच्या टोकातून निघालेली धार थोडे अंतर सरळ जाते आणि मग वेगाने वेटोळी घेत हेलकावू लागते. धार बारीक होते ती मुख्यतः या हेलकाव्यांत. वाटेत द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर काहीशे नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची पांढरी चटई जमते. द्रावण फार पातळ असेल तर तंतूंवर मणी ओवल्यासारख्या गाठी दिसतात. या तंत्राची पहिली पेटंटे १९०२ मधली असली, तरी त्याकडे संशोधकांचे व्यापक लक्ष गेले ते १९९० च्या दशकात.

‘प्रचंड पृष्ठफळ’ हा या तंतूंचा गुण सर्वत्र सांगितला जातो. तो जरा तपासून घ्यावा. १०० नॅनोमीटर व्यासाच्या भरीव तंतूचे पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे ३० चौरस मीटर भरते. २० मायक्रोमीटर जाडीच्या नेहमीच्या कापडी तंतूपेक्षा ते सुमारे २०० पट आहे. पण सक्रियित कार्बनचे (अतिसच्छिद्र कोळशाचे) पृष्ठफळ दर ग्रॅमला ५०० ते १,५०० चौरस मीटर असते, म्हणजे या बाबतीत नॅनोतंतू त्याच्या जवळपासही येत नाहीत. त्यांचे खरे बळ दुसरीकडे आहे. कार्बनचा बहुतेक पृष्ठभाग आतल्या अरुंद छिद्रांत असतो आणि तिथवर पोचायला रेणूला वेळ लागतो. तंतूचा पृष्ठभाग उघडा असल्याने अधिशोषण झपाट्याने होते. शिवाय त्यावर हवे ते गट बसवता येतात आणि काम झाल्यावर अख्खी चटई उचलून घेता येते. कार्बनची भुकटी मात्र पाण्यातून पुन्हा वेगळी काढावी लागते.

कोणते गट बसवायचे हे प्रदूषकावर ठरते. पॉलिॲक्रिलोनायट्राइल या बहुवारिकाच्या तंतूंवर हायड्रॉक्सिलअमाइनची प्रक्रिया केली की ॲमिडॉक्झिम गट तयार होतात. ते तांबे, शिसे आणि युरेनियम धरतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसान या बहुवारिकातील अमिनो गट आम्लधर्मी पाण्यात धनभारित होतात आणि ऋणभारित क्रोमेट (क्रोमियम व ऑक्सिजनचे आयन) ओढून घेतात. शिशाचे नेमके उलट आहे. सामू (पीएच) कमी, म्हणजे पाणी आम्लधर्मी असले की हायड्रोजन आयनच जागा बळकावतात आणि शिसे पाण्यात राहते. त्यामुळे सर्व प्रदूषकांवर चालणारी एकच चटई मिळत नाही. आर्सेनिकसाठी तंतूंत लोहाच्या ऑक्साइडचे कण मिसळतात, पण ते बहुवारिकाच्या आत गाडले गेले तर निरुपयोगी ठरतात. कायटोसान आम्लात आणि पॉलिव्हिनिल अल्कोहोल पाण्यात विरघळते, म्हणून ग्लुटराल्डिहाइडसारख्या रसायनाने त्यांच्या साखळ्या एकमेकींना जोडाव्या लागतात. कायटोसानच्या बाबतीत या जोडणीत काही अमिनो गट खर्ची पडतात.

चटईची धारणक्षमता दर ग्रॅमला किती मिलिग्रॅम, अशी सांगतात; ती काढण्यासाठी पाण्यातील तीव्रता आणि पृष्ठभागावर बसलेले प्रमाण यांचा संबंध सांगणारे लॅंगम्युअर यांचे १९१८ चे समीकरण फार वापरले जाते. हे आकडे वाचताना सावध राहावे. अनेक प्रयोगांत दर लिटरला दहा ते काहीशे मिलिग्रॅम प्रदूषक शुद्ध पाण्यात मिसळलेले असते. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा मात्र दर लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. नैसर्गिक पाण्यात कॅल्शियम, फॉस्फेट, ह्युमिक द्रव्ये (कुजलेल्या वनस्पतींतून येणारी) हीही त्याच जागांसाठी स्पर्धा करतात. फॉस्फेटची रचना आर्सेनेट या आर्सेनिकच्या पाण्यातील रूपासारखीच असल्याने ते आर्सेनिकला सहज मागे सारते. प्रत्यक्ष नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर चाचणी झालेली नसेल, तर मोठ्या आकड्यावरून चटईची उपयुक्तता ठरवू नये.

एका सुईतून तासाला काही मिलिलिटरच द्रावण जाते, त्यामुळे उत्पादन फार हळू होते. यावर उपाय म्हणून अनेक सुया किंवा सुईऐवजी द्रावणात फिरणारा दंडगोल वापरतात. डायमिथिलफॉर्ममाइडसारखे द्रावक विषारी असतात. त्यांची वाफ कोंडून परत मिळवावी लागते. नुसती चटई ओली असताना फाटते, म्हणून तिला न विणलेल्या जाड कापडाचा आधार देतात.

भरलेली चटई सौम्य आम्लाने किंवा ईडीटीए या धातू बांधून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने धुऊन पुन्हा वापरता येते, पण दर आवर्तनात क्षमता सहसा थोडी घटते. धुतलेल्या द्रावात तोच धातू कितीतरी अधिक तीव्रतेने असतो. तो अवक्षेपित करून (घनरूपात खाली बसवून) वेगळा काढावा लागतो. ही सोय आखलेली नसेल तर प्रदूषण फक्त एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जाते.