बाग आणि अंगणातल्या पाणीवापराचे रोजचे नियम

घराच्या बाहेर जे पाणी जातं, म्हणजे बाग, कुंड्या, लॉन, फरशी, गाडी धुणं, कारंजं, पोहण्याचा तलाव, त्यासाठी पाणीपुरवठा करणाऱ्या संस्था किंवा सरकारं घालून देतात ते नियम. दुष्काळात पाणीकपात होते ती वेगळी. ती टप्प्याटप्प्याने वाढते आणि पाऊस झाला की उठते. हे नियम मात्र धरणं काठोकाठ भरलेली असली तरी बारा महिने चालू असतात, म्हणून कुठे त्यांना कायमचे नियम म्हणतात तर कुठे नुसती मार्गदर्शक सूचना.

जगात कुठेही गेलात तरी यादी साधारण तीच दिसते. भर उन्हात स्प्रिंकलर लावायचा नाही, पाइपाच्या तोंडाला दाबल्यावरच पाणी सोडणारं नोझल पाहिजे, फरशी आणि रस्ता पाइपाने धुवायचा नाही, कारंजं तेच पाणी फिरवणारं असावं, पाणी बागेतून वाहून गटारात जाता कामा नये आणि गळती दिसली की दुरुस्त करायची. वरवर पाहता हे सुटे सुटे नियम वाटतात पण नीट बघितलं तर बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, चालू करून सोडून दिलेल्या पाण्यावर. झाडांना जास्त पाणी घालणारा माणूस समोर उभा असेल तर त्याला डबकं दिसतं आणि तो थांबतो, खरं पाणी जातं ते पाइप वाफ्यात टाकून आत फोनवर बोलत बसलं की.

घरातलं सोडून बाहेरच्याच पाण्यावर एवढी नजर का

घरातला वापर वर्षभर जवळपास सारखाच राहतो. अंघोळ, भांडी, कपडे, संडास, यात उन्हाळा-हिवाळा फार फरक पडत नाही. बाहेरचा वापर मात्र उन्हाळ्यात एकदम उसळी मारतो आणि नेमका तेव्हाच साठा सगळ्यात कमी असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) अंदाजाने तिथल्या घरगुती पाण्यापैकी साधारण ३० टक्के पाणी घराबाहेर जातं, कोरड्या भागात हा आकडा ६० टक्क्यांपर्यंत पोचतो, आणि बागेला दिलेल्या पाण्यातलं निम्म्यापर्यंत पाणी वारा, बाष्पीभवन आणि वाहून जाणं यातच संपतं असंही तीच संस्था म्हणते.

अजून एक कारण आहे जे लोकांच्या फारसं लक्षात येत नाही. घरात वापरलेलं पाणी ड्रेनेजमधून प्रक्रिया केंद्रात जातं, शुद्ध करून परत नदीत सोडता येतं किंवा पुन्हा वापरता येतं. बागेतून वाफ होऊन गेलेलं पाणी त्या गावाच्या हिशोबातून गेलंच. त्यामुळे घरातले १०० लिटर आणि बागेतले १०० लिटर मीटरवर सारखे दिसले तरी नियम करणाऱ्याच्या लेखी सारखे नसतात.

कुठे आणि कसे आले

कायमच्या नियमांची कल्पना सगळ्यात ठसठशीतपणे ऑस्ट्रेलियात रुजली. तिथे १९९० च्या दशकाच्या शेवटापासून २००९ पर्यंत जो लांबलचक दुष्काळ पडला त्याला मिलेनियम ड्रॉट म्हणतात, त्या काळात शहरांनी कपातीचे टप्पे लावले आणि मग लक्षात आलं की यातले काही नियम पाळायला लोकांना काहीच त्रास होत नाही, मग ते उठवायचे तरी कशाला. मेलबर्नमध्ये २००५ पासून असे कायमचे नियम आहेत. सध्याच्या नियमाप्रमाणे तिथे स्प्रिंकलर किंवा बागेची सिंचन यंत्रणा संध्याकाळी ६ ते सकाळी १० याच वेळात चालवता येते, पण नोझल लावलेला पाइप हातात धरून पाणी घालायला वेळेचं बंधन नाही. इथेच ती मूळ कल्पना उघड दिसते, माणूस हजर असेल तर सूट आणि यंत्रावर सोडलं असेल तर बंधन. सिडनीत २००९ मध्ये कपात उठवून तिच्या जागी असेच सौम्य नियम आणले, सकाळी १० च्या आधी किंवा दुपारी ४ नंतर पाणी घाला म्हणून. पुढे पुन्हा पाऊस आटला आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिथे दुसऱ्या टप्प्याची कपात लागली तेव्हा बागेसाठी पाइपच बंद झाला, झारी किंवा बादलीच घ्या म्हणाले.

कॅलिफोर्नियात २०१४ च्या दुष्काळात राज्याच्या जलमंडळाने चार गोष्टींवर सरळ बंदी घातली. बागेतून पाणी रस्त्यावर वाहू देणं, बिना-नोझलच्या पाइपाने गाडी धुणं, फरशी आणि ड्राइव्हवे धुणं आणि पाणी न फिरवणारी कारंजी, आणि दंड दिवसाला ५०० डॉलरपर्यंत. पुढच्या वर्षी त्यात भर पडली की मोजता येण्याइतका पाऊस पडून गेल्यावर ४८ तास बागेला पाणी घालायचं नाही. हे वाचून हसू येतं, पण टायमरवर चालणारे स्प्रिंकलर भर पावसात सुरू असलेले ज्याने बघितलेत त्याला हा नियम का करावा लागला ते सांगावं लागत नाही.

इंग्लंडमध्ये वर्षभराचे नियम असे नाहीत, तिथे उन्हाळा तापला की पाणी कंपन्या पाइपबंदी जाहीर करतात आणि ती मोडली तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, झारीने पाणी घातलेलं चालतं. सगळ्यात कडक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचं. फेब्रुवारी २०१८ पासून तिथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती, नळाचं पिण्याचं पाणी बागेला घालायचंच नाही, आणि स्वतःच्या बोअरचं पाणी सुद्धा मंगळवार आणि शनिवारीच, सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर, तेही तासभरच. अर्थात ती आणीबाणी होती, रोजचा नियम नव्हे.

नोझल

नोझल म्हणजे क्षुल्लक वस्तू वाटते पण सगळ्या यादीत पैशाला जागणारी हीच. घरगुती पाइपातून दाबाप्रमाणे मिनिटाला साधारण १० ते २० लिटर पाणी येतं. १५ धरले तर अर्ध्या तासात ४५० लिटर. एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जाताना, पाइपाचा पीळ सोडवताना, गाडीला साबण लावताना हे पाणी चालूच असतं आणि नोझल नेमकं तेवढंच वाचवतं, खटका सोडला की बंद. एक मात्र बघावं, खटका अडकवून ठेवायची कडी असलेली नोझलं मिळतात आणि ती कडी लावली की सगळा हेतूच संपला. शिवाय नोझल बंद केलं म्हणून नळ तसाच उघडा सोडायचा नाही, पाइप दाबाखाली राहतो आणि जोडातून थेंब थेंब गळत बसतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे वर्षाला ११ हजार लिटरच्या वर जातं, आणि बागेतल्या नळाची गळती मातीत जिरते म्हणून महिनोन् महिने कुणाला कळत पण नाही. वायसर बदलायचं काम पाच मिनिटांचं असतं.

वेळेचा नियम

पहाटे किंवा सकाळी लवकर पाणी घालायला सांगतात त्यामागे बाष्पीभवन तर आहेच पण वारा पण आहे. स्प्रिंकलरचे बारीक थेंब दुपारच्या वाऱ्यात जमिनीवर पडायच्या आधीच भरकटतात. सकाळी वारा पडलेला असतो, माती थंड असते, आणि दिवसभरात पानं सुकून जातात. संध्याकाळी पाणी घातलं तर बचत साधारण तेवढीच होते, पण पानं रात्रभर ओली राहून बुरशी यायचा धोका वाढतो. म्हणून संध्याकाळी घालायचं तर मुळाशी घालावं, पानांवर नको.

दुपारी पाणी घातलं तर पानावरचे थेंब भिंगासारखे काम करून पान जाळतात असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गुळगुळीत पानांवर असं काही होत नाही असं दिसलं. केसाळ पानांवर थेंब पृष्ठभागापासून वर तोलला जातो तेव्हा मात्र होऊ शकतं. तर नियम बरोबर आहे, फक्त त्याचं हे कारण सगळ्या झाडांना लागू नाही. दुपारी एखादं झाड अगदीच मान टाकत असेल तर नियमाकडे बघत बसू नये, मुळाशी पाणी द्यावं.

नियमात नसलेलं पण जास्त उपयोगाचं

कायदा पाइप आणि घड्याळ तपासू शकतो, माती तपासू शकत नाही. त्यामुळे खरी बचत जिथे आहे तो भाग नियमांच्या बाहेरच राहतो. मातीवर वाळका पाला, लाकडाचा भुगा, गवताची कातरण असं ५ ते १० सेंटिमीटर जाडीचं आच्छादन घातलं की वाफसा, म्हणजे मातीतली ओल, जास्त दिवस टिकतो आणि तण पण कमी येतं. खोडाला मात्र ते चिकटवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची नाहीतर खोड कुजतं, आणि फार बारीक भुगा जाड थरात घातला तर तो स्वतःच पाणी पिऊन बसतो आणि खाली काही पोचत नाही.

दुसरं म्हणजे रोज थोडंथोडं पाणी शिंपडायची सवय. याने वरचे दोन-तीन सेंटिमीटरच भिजतात, मुळं तिथेच घुटमळतात आणि मग एक दिवस पाणी चुकलं की झाड लगेच कोमेजतं. त्यापेक्षा खोलवर भिजेल असं घालून मग मधे खंड द्यावा. किती खंड ते मातीवर. रेताड मातीतून पाणी पटकन निसटतं म्हणून तिथे कमी पण लवकर लवकर, चिकण मातीत पाणी जिरायला वेळ लागतो म्हणून दहा मिनिटं घालून थांबायचं, जिरू द्यायचं, मग परत. एकदम घातलं तर अर्धं पाणी वाफ्याबाहेर जातं. द्यायचं की नाही हे ठरवायला बोट मातीत पेराभर खुपसून बघणं पुरतं, ओल लागली तर आज सुट्टी. कुंड्या मात्र याला अपवाद आहेत, त्या लवकर तापतात आणि कडक उन्हात त्यांना रोज पाणी लागू शकतं.

ठिबक हा या सगळ्यावरचा मोठा उपाय. आजच्या स्वरूपातलं ठिबक इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास यांनी विकसित केलं आणि १९६५ मध्ये हात्झेरिम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीवस्तीत, त्याच्या उत्पादनासाठी कंपनी स्थापन झाली. एक ड्रिपर तासाला साधारण २ ते ८ लिटर देतो, थेट मुळाशी. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी कपात लागली तरी ठिबकला स्प्रिंकलरपेक्षा जास्त सूट मिळते. पण ठिबकची खोट अशी की फुटलं तरी दिसत नाही. आच्छादनाखाली नळी निसटली की तिथे चिखल आणि पुढची सगळी रांग कोरडी, त्यामुळे अधूनमधून सुरू करून चालत जाऊन बघावंच लागतं आणि फिल्टर धुवावा लागतो. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी मातीत पुरलेलं, भाजलेलं, बिना-लुकणाचं (चकाकीचा थर न दिलेलं) मडकं आहे, पाणी झिरपत राहतं आणि माती ओली असेल तर झिरपणं आपोआप मंदावतं. पद्धत चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीही माहीत होती.

टायमर हा प्रकार दुधारी आहे. नीट लावला तर उत्तम, पण बहुतेक जण भर उन्हाळ्यात एकदा सेट करतात आणि नंतर तिकडे बघत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये जून ते ऑगस्ट या तिथल्या हिवाळ्यात स्प्रिंकलर बंदच ठेवायचे असा नियम आहे तो यासाठीच. पावसाचा सेन्सर किंवा मातीतली ओल मोजणारा सेन्सर जोडला तर हा प्रश्न बराच सुटतो.

लॉन

पाण्याच्या हिशोबात लॉन हा सगळ्यात महागडा पाहुणा. उन्हाळ्यात पिवळं पडलेलं गवत बहुतेक वेळा मेलेलं नसतं, झोपलेलं असतं आणि पावसाने परत हिरवं होतं, पण शेजाऱ्याचं हिरवं दिसतंय म्हटल्यावर कोण थांबतो. गवत थोडं उंच, ७-८ सेंटिमीटर ठेवलं तर माती सावलीत राहते. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ मध्ये झेरिस्केप नावाची कल्पना पुढे आणली, कमी पाण्याची झाडं निवडायची आणि सारख्या तहानेची झाडं एकत्र लावायची म्हणजे एका जास्वंदीसाठी सगळा वाफा भिजवावा लागत नाही. नेवाडा राज्याने तर २०२१ मध्ये कायदाच केला की दक्षिण भागात नुसतं शोभेचं, कुणी पाय पण ठेवत नाही असं सार्वजनिक आणि व्यापारी जागांमधलं लॉन २०२६ संपेपर्यंत कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर पोसणं बंद करायचं. घरांच्या स्वतःच्या लॉनला तो लागू नाही.

पावसाचं आणि वापरलेलं पाणी

छपरावर १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटरची एक सर आली तर कागदावर १,००० लिटर, त्यातलं थोडं उडतं, थोडं छपराच्या पहिल्या धुवणीत सोडून द्यावं लागतं. टाकीला जाळी आणि झाकण पाहिजेच, नाहीतर डासांची सोय. साठवलेल्या पावसाच्या पाण्याला बहुतेक ठिकाणी हे नियम लागू होत नाहीत, फक्त ती टाकी नळाच्या पाण्याने भरून घेत असाल तर ती सूट जाते.

अंघोळीचं आणि कपडे खळबळल्याचं पाणी झाडांना चालतं पण ते २४ तासांपेक्षा जास्त साठवू नये, वास मारतं आणि जंतू वाढतात. कच्च्या खायच्या भाज्यांवर घालू नये, फवारू तर अजिबात नये, मातीतच सोडावं. स्वयंपाकघरातल्या पाण्यात तेलकटपणा असतो म्हणून ते टाळतात. डिटर्जंटमधलं सोडियम एकाच जागी साचलं की माती कडक होते, त्यामुळे जागा बदलत राहावी आणि अधूनमधून साधं पाणी द्यावं.

बाकीचं थोडक्यात. फरशीला झाडू, गाडीला बादली आणि फडकं, तलावावर कव्हर. नुसत्या कव्हरने तलावात वरून घालावं लागणारं पाणी ३० ते ५० टक्क्यांनी कमी होऊ शकतं असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो.

वाद

घर क्रमांकाप्रमाणे बागेला पाणी द्यायचे वार ठरवून देण्याच्या पद्धतीवर बरीच टीका होते, आणि ती रास्त वाटते. आज आपला वार आहे म्हणून गरज असो नसो सगळे जण पाणी सोडतात, ओल असली तरी, कारण पुढचा वार लांब असतो. दाबावरचा ताण वाटून देण्यासाठी वार उपयोगी आहेत, बचतीसाठी फारसे नाहीत. अंमलबजावणी हा दुसरा कच्चा दुवा, पहाटे ४ ला कुणाचा स्प्रिंकलर चालू आहे हे बघायला कोण जाणार, त्यामुळे बहुतेक कारवाई शेजाऱ्याच्या तक्रारीवरूनच होते आणि त्यात जुनी भांडणं पण निघतात. बहुतेक ठिकाणी आधी समज आणि मग दंड असा क्रम असतो. नवीन लावलेल्या लॉनला आणि रोपांना काही आठवडे सूट मिळते, पण ती आधी अर्ज करून घ्यावी लागते. फरशीवर घाण साचून आरोग्याला धोका असेल किंवा सांडलेलं रसायन धुवायचं असेल तर पाइप वापरायला कुणाची हरकत नसते.